चेहऱ्याला काय मानवतं?

हापूसच्या बागेत एप्रिल-मे महिन्यांत काम करणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: फळ देठातून खुडायचं नाही. देठ मोडला की पाण्यासारख्या पातळ चिकाची चिळकांडी उडते. हातावर, गालावर, पापणीपाशी थेंब पडला तरी त्या क्षणी फारसं काही जाणवत नाही. मग चुरचुरायला लागतं आणि पुढच्या दिवसांत तिथे काळपट-लाल चट्टा उठतो, त्यावर बारीक फोड येतात. चट्टा गेला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. चीक फळावर ओघळला तर सालही डागाळते. म्हणून आंबा देठाचा तुकडा ठेवूनच उतरवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला नूतन झेला त्यासाठीच आहे.

आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. काजूच्या टरफलात जे काळपट तेल असतं, ते हाताची सालं काढतं, म्हणून काजू फोडणाऱ्या बायका आधी हाताला तेल किंवा राख चोळून घेतात. बिब्ब्याबद्दल तर बोलायलाच नको. चांगल्या कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. झाडापासून मिळालेली वस्तू कातडी जाळू शकते, हे कोकणातल्या माणसाला बागेत, कारखान्यात, परसात पक्कं ठाऊक असतं. आरशासमोर उभं राहिलं की मात्र हे ज्ञान कुठेतरी हरवतं. तिथे ‘घरगुती’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द ‘सौम्य’ या अर्थाने वापरले जातात. मग लिंबाची फोड गालावर घासली जाते, लसणाची पाकळी पुळीवर चोळली जाते, आणि आठ दिवसांनी पुळी गेलेली असते पण तिच्या जागी रुपयाएवढा काळा डाग असतो.

तारुण्यपिटिका म्हणा, मुरूम म्हणा की पिंपल म्हणा, बारा ते चोवीस या वयातल्या सुमारे ८५ टक्के मुलामुलींना त्या कमी-अधिक येतातच. त्यातल्या काहींची त्वचा वर नाजूकही असते. फेसवॉश लावला की ताणल्यासारखं वाटतं, नवीन क्रीम लावलं की लाल होतं, उन्हात गेलं की चुरचुरतं. खरी पंचाईत या मुलांची होते, कारण पुळ्यांवरची बहुतेक औषधं थोडी कोरडी आणि थोडी झोंबणारी असतात. पुळीला लागू पडणारं त्वचेला मानवत नाही आणि त्वचेला मानवणारं पुळीला पुरत नाही. यातून वाट निघते, पण ती धीराची आहे.

आधी पुळी येते कशी ते पाहू. केसाच्या प्रत्येक मुळाशी तेल तयार करणारी एक इवलीशी ग्रंथी असते. वयात येताना शरीरातले अँड्रोजेन वाढतात आणि ही ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या पेशी नीट झडत नाहीत, चिकटून राहतात आणि तोंडाशी बूच बसतं. आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू पोसले जातात आणि त्वचा त्यांच्याविरुद्ध लढायला उठते. लाली, सूज, पू ही त्या लढाईची खूण. हे सगळं छिद्राच्या आत घडतं, म्हणूनच चेहरा कितीही घासून धुतला तरी पुळ्या थांबत नाहीत. ‘चेहरा स्वच्छ ठेवत नाहीस म्हणून येतात’ हे घरातून ऐकावं लागणारं वाक्य चुकीचं आहे आणि ऐकणाऱ्याला ते फार लागतं. ते बोलणं बंद झालं तरी अर्धा ताण उतरेल.

आता नाजूकपणाकडे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर कोकणातल्या चिरेबंदी भिंतीसारखा असतो. मेलेल्या, चपट्या पेशी हे चिरे आणि त्यांच्या फटींत भरलेले स्निग्ध पदार्थ हा चुना. चुना शाबूत असेल तोवर आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचं काही आत शिरत नाही. साबण तेल विरघळवतो, पण तेल कुठलं नि चुना कुठला हे त्याला कळत नाही. त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा नऊ ते दहा. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुणारी मुलगी स्वतःच्या हाताने फटी मोकळ्या करत असते. पुढे त्याच चेहऱ्यावर औषध लावलं की आग होते आणि ती म्हणते, ‘मला काहीच सोसत नाही.’

वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के वाचून साबण निवडणारे बरेच असतात. तो आकडा साबणातल्या स्निग्धांशाचा, म्हणजे साबणाच्या दर्जाचा. त्वचेला तो किती सौम्य आहे हे त्यावरून कळत नाही. त्याऐवजी सिंडेट प्रकारची वडी किंवा फेस कमी करणारा, सुगंध नसलेला फेसवॉश पाहावा. सिंडेट म्हणजे साबणाच्या आकाराचा पण साबण नसलेला पदार्थ. अमेरिकेत १९५७ साली आलेली डव्हची वडी याच जातीची. असल्या गोष्टीने सकाळी एकदा, रात्री एकदा, कोमट किंवा साध्या पाण्याने, नुसत्या बोटांनी चेहरा धुवायचा. घासणी नको, अक्रोडाच्या सालींचा स्क्रब नको, डाळीच्या पिठाचा रोजचा रगडाही नको. दिवाळीच्या पहाटे उटणं जरूर लावावं, तो आनंद वेगळा. पण सुजलेल्या पुळ्यांवर ते रगडू नये.

रत्नागिरीची हवा या सगळ्यात आपली भर घालते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उरलेले महिने समुद्रावरचा दमट वारा. घाम येतो, पण सुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट मुलखात पाठवलेल्या सैनिकांच्या पाठीवर, छातीवर मोठमोठे मुरूम उठले होते. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘ट्रॉपिकल ॲक्ने’ असं नावच पडलं. आपल्याकडे त्यात स्कार्फची भर. स्कूटीवरून मारुती मंदिर ते मांडवी जायचं तरी मुली डोळे सोडून सगळा चेहरा घट्ट बांधतात. धुळीपासून आणि उन्हापासून ते बरंच. पण तोच घामेजलेला, सिंथेटिक स्कार्फ आठवडाभर वापरला तर त्याचं घर्षण आणि ओल हनुवटीवर, गालांवर पुळ्या आणते. हेल्मेटच्या पट्ट्याखालीही तेच होतं. स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला असावा. त्याला क्रीमचा खर्चही नाही.

याच हवेत आणखी एक गफलत होते. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच आकाराच्या बारीक पुळ्या उठतात आणि भयंकर खाजतात. त्या मुरूम नसतातच. मॅलॅसेझिया नावाचं, सगळ्यांच्या त्वचेवर असणारं यीस्ट केसांच्या मुळांत वाढल्यामुळे त्या येतात. यावर मुरुमांची अँटिबायोटिक्स घेतली तर त्या कमी होण्याऐवजी वाढतात, कारण यीस्टला आवर घालणारे जिवाणूच मरतात. खाज आणि एकसारखा आकार या दोन खुणा दिसल्या की डॉक्टरांना तसं मुद्दाम सांगावं.

आणि खोबरेल? त्याबद्दल कोकणात वाईट बोलणं अवघड आहे. कोकणातल्या कित्येक पिढ्यांचे केस त्याच्यावर वाढले. केसांना ते चांगलंच आहे. प्रश्न कपाळाचा आहे. १९७० साली प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी केसांना लावायच्या तेलकट पोमेडमुळे कपाळावर आणि कानशिलांवर येणाऱ्या पुळ्यांची नोंद केली. त्याला ‘पोमेड ॲक्ने’ म्हणतात. दाट, बारीक, टोक बंद असलेल्या पुळ्या, आणि त्याही केसांच्या रेषेलगतच. रात्री चपचपून तेल लावून झोपणाऱ्या मुलीच्या कपाळावर त्या दिसल्या तर औषधाआधी सवय बदलून पाहावी. तेल न्हायच्या आधी तासभर लावावं, कपाळावर ओघळू देऊ नये, अभ्रा वरचेवर बदलावा. कोकमाच्या बियांचं तेलही असंच. पावसाळ्यात पायांच्या भेगांना आणि चिखल्यांना ते उत्तम. पुळ्या असलेल्या गालांना मात्र ते जड होतं.

मे महिना आला की घराघरांत दुसरा वाद सुरू होतो. आंब्याने उष्णता होते आणि तोंडावर पुळ्या येतात, असं आजी म्हणते. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत. साल दाताने सोलून कोय चोखणाऱ्याच्या ओठांभोवती जे पुरळ उठतं ते चिकाचं असतं. ज्यांना हा चीक बाधतो त्यांनी आंबा धुऊन, पाण्यात ठेवून, साल काढून, फोडी करून खावा. तारुण्यपिटिकांचं गणित निराळं. रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं कमी केलं की पुळ्या कमी होतात, असं ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्याहून नवलाची नोंद २००२ सालची. पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावर १२०० माणसं तपासली गेली, त्यांत पंधरा ते पंचवीस वयोगटातले ३०० जण होते. एकाच्याही चेहऱ्यावर मुरूम सापडला नाही. त्यांचं खाणं कंदमुळं, फळं, मासे आणि खोबरं. अनुवंशाचा वाटाही त्यात असू शकेल, पण नारळ-मासळी खाणाऱ्या कोकणी माणसाने आपल्या ताटाला दोष देण्याआधी ही नोंद लक्षात ठेवावी. एखाद्या मुलीला आंब्याच्या दिवसांत पुळ्या वाढल्यासारख्या वाटल्याच, तर तिने फळ सोडण्याआधी आमरसातली वरची साखर सोडून बघावी.

स्वयंपाकघरातल्या उपायांपैकी लिंबू सगळ्यात घातक. त्याच्या रसाचा पीएच दोन ते अडीच, आणि त्यातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात. टूथपेस्ट आणि खायचा सोडा त्याच रांगेतले. हळदीचं नाव घेतलं की लोक डॉ. रघुनाथ माशेलकरांनी जिंकलेल्या लढाईची आठवण देतात. ती लढाई मोठीच होती. १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलेलं हळदीचं पेटंट सीएसआयआरने १९९७ साली रद्द करून घेतलं. पण ते पेटंट जखम भरण्याबद्दल होतं. मुरुमांवर हळदीचा लेप हा इलाज म्हणून त्यातून सिद्ध होत नाही. सहाणेवर उगाळलेलं चंदन गार वाटतं, तेवढ्यापुरतं लावायला हरकत नाही, पण ज्याची त्वचा नाजूक आहे त्याने तेही आधी पारखून घ्यावं. पारखायची रीत सोपी आहे: कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ, सलग सात दिवस लावायचं. लाल झालं नाही, खाजलं नाही, तरच चेहऱ्यावर. दुकानातून आणलेल्या क्रीमलाही हाच नियम.

मग लावायचं काय? भिंतीच्या फटी भरणारं हलकं मॉइश्चरायझर पहिलं. दमट हवेत त्याची गरज नाही असं वाटतं, पण औषध सुरू करणाऱ्याला ते हवंच. ग्लिसरीन, सेरामाइड असलेलं, जेल किंवा पातळ लोशनसारखं, सुगंध नसलेलं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शिक्का पाहावा, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण हा शब्द वापरायला कुठलीही पक्की सरकारी कसोटी नाही. दुसरं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा अधिक. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत पुळी बसल्यावर डाग मागे राहतो आणि ऊन तो डाग गडद करत राहतं. पुष्कळ मुली पुळीपेक्षा या डागांनीच जास्त खचतात.

औषध तिसरं, आणि सुरुवातीला एकच. बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या बाबतीत नाजूक त्वचेला दिलासा देणारी गोष्ट १९८६ सालीच समोर आली: अडीच टक्क्यांचं जेल पाच आणि दहा टक्क्यांइतकंच काम करतं, आणि आग मात्र दहा टक्क्यांच्या मानाने कमी करतं. तरीही लोक दुकानात जाऊन ‘जास्त पॉवरचं’ मागतात. या औषधाने पंचाचा, अभ्र्याचा, कुर्त्याच्या गळ्याचा रंग उडतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ॲडापलीन ०.१ टक्का छिद्राचं बूच सोडवतं. ते रात्री लावायचं असतं आणि गरोदरपणात टाळायचं असतं. ॲझेलिक ॲसिड पुळी आणि डाग दोन्हींवर हळूहळू काम करतं, आणि गरोदर स्त्रियांना डॉक्टर बहुधा तेच देतात. सॅलिसिलिक ॲसिड एक-दोन टक्के, काळ्या टोकांच्या पुळ्यांना. नायसिनमाइड चार टक्के तर बहुतेकांना सोसतं. १९९५ साली त्याची क्लिंडामायसिन या अँटिबायोटिक जेलशी तुलना झाली तेव्हा ते त्याच्या तोडीस तोड ठरलं होतं. क्लिंडामायसिन एकटंच महिनोन्‌महिने चोळत राहिलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

ॲडापलीनसारखं औषध लावताना हात कसा चालावा ते नीट पाहायला हवं. रात्री तोंड धुतलं, टिपलं, वीस मिनिटं तसंच कोरडं राहू दिलं. मग आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात. बोटाच्या टोकावर चवळीच्या दाण्याएवढं जेल, साऱ्या चेहऱ्याला मिळून तेवढंच. कपाळावर एक ठिपका, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक, आणि ते अलगद पसरायचं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे, डोळ्यांखालची जागा सोडून. पुळीवर ठिपका ठेवून भागत नाही, कारण उद्या कुठल्या छिद्रात बूच बसणार हे कुणाला ठाऊक? पहिले पंधरा दिवस तीन दिवसांतून एकदा, मग एक दिवसाआड, सोसलं तर रोज. तरीही झोंबत असेल तर तासाभराने धुऊन टाकावं. पहिल्या काही आठवड्यांत पुळ्या वाढल्यासारख्या दिसतात आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेकजण औषध सोडतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. गणपतीत चेहरा नितळ हवा असेल तर सुरुवात मे महिन्यात करावी लागते.

एवढा धीर नसतो तिथेच खरा धोका दबा धरून बसतो. दुकानात ‘पिंपलसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की कधीकधी हातात स्टेरॉइडची ट्यूब पडते. तीन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळतो. मैत्रीण विचारते, ती तिलाही नाव सांगते. दोन-तीन महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, पुळ्या दुपटीने परततात आणि क्रीम थांबवलं की चेहरा आगीसारखा जळतो. बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण, म्हणजे दर सातांमागे एक, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतले २९ टक्के गोरं दिसण्यासाठी किंवा दाढीनंतर, तर २४ टक्के मुरुमांसाठी. २०१८ साली सरकारने अशी क्रीम शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते चेहऱ्याला लावायचं नाही. आणि बरेच महिने लावलेलं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करायचं नाही.

नाव-पत्ता नसलेल्या डबीतलं ‘उजळ’ क्रीम त्याहून वाईट. २०२२ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. त्या वापरत असलेल्या क्रीमची मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा निघाला. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत एक खास प्रकार सापडला आणि त्यांतले १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायलाच बंदी आहे, आणि नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापलीकडे चालत नाही. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती कितीही जिवलग मैत्रिणीने दिली तरी उघडू नये.

काही पुळ्यांना घरातली कुठलीच निगा पुरत नाही. खोल, दुखणाऱ्या गाठी, वण मागे ठेवणारे फोड, किंवा हनुवटीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुळ्या आणि जोडीला अनियमित पाळी असेल, तर वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या अशा वेळी खरोखर उपयोगी पडतात, पण गर्भाला त्यांनी गंभीर व्यंग येतं, म्हणून त्या तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घ्यायच्या नाहीत. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अशा महाविद्यालयात त्वचारोग विभाग असावाच लागतो. संगमेश्वर, लांजा, राजापूरकडून येणाऱ्यांनी दिवस मोडून येताना एक करावं. आजवर चेहऱ्याला जे जे लावलं, त्या सगळ्या ट्यूब, डब्या, रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून बरोबर आणावीत. जुनं म्हणून काही फेकू नये, कारण नेमकी फेकून दिलेली डबीच कित्येकदा डॉक्टरांना पाहायची असते.